विश्लेषण : ताण उतरतो तो सुगंधाने की हाताने? ‘अरोमा’ मसाजमागचे विज्ञान काय सांगते?

पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही स्पाचे दरपत्रक उघडले की साध्या मालिशीच्या खालच्या ओळीत ‘अरोमा’ मसाज दिसतो आणि त्याचा दर काहीसा चढा असतो. हात तेच, वेळ तेवढाच, खाटही तीच. फरक असतो तो तेलात मिसळलेल्या दहा-पंधरा थेंबांचा. ऑनलाइन दुकानांत तर हे थेंब छोट्या बाटलीत भरून थेट ‘स्ट्रेस रिलीफ’, ‘डीप स्लीप’ अशा नावांनीच विकले जातात. या थेंबांचे श्रेय किती आणि मालिश करणाऱ्या हातांचे किती, हा प्रश्न वरवर हौसेचा वाटेल. पण ताण, चिंता आणि उडालेली झोप यांनी त्रासलेली माणसे या बाटलीकडे उपचार म्हणून पाहू लागली आहेत. काही घरांत तर ती तान्ह्या बाळाच्या मालिशीपर्यंत पोहोचली आहे. म्हणून तिची झाडाझडती घेणे भाग आहे.

इसेन्शियल ऑइल हे ‘तेल’ असते का?

नावात तेल असले तरी तीळ, खोबरे, बदाम यांच्या तेलाशी त्याचे नाते नाही. घाण्यातून निघते ते तेल स्निग्ध असते. ते उडून जात नाही, त्वचेवर राहते आणि हाताला घसरण देते. इसेन्शियल ऑइल हा वनस्पतीतल्या उडून जाणाऱ्या सुगंधी रसायनांचा अर्क असतो. फरक घरीच तपासता येतो. कागदावर तिळाच्या तेलाचा थेंब टाकला तर डाग कायमचा राहतो; लव्हेंडरचा थेंब टाकला तर काही तासांत बहुतेक उडून जातो. बहुतेक अर्क वाफेने काढतात. फुले किंवा पाने भरलेल्या भांड्यातून वाफ जाऊ दिली जाते, ती थंड केली की पाण्यावर तेलाचा थर तरंगतो. संत्री-लिंबाच्या सालीतले तेल मात्र दाबून काढले जाते.

ही विद्या भारताला नवी नाही. उत्तर प्रदेशातील कनौजमध्ये तांब्याचे देग आणि भपके वापरून अत्तर काढण्याची पद्धत शतकानुशतके चालत आली आहे. खानदेशात रोशा गवताच्या भट्ट्या होत्या, त्यांची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही आढळते. गुलाबासारखा वास असलेले हे स्वस्त तेल गुलाबाच्या तेलात भेसळ करण्यासाठीही वापरले जाई. म्हणजे भेसळीची परंपराही जुनीच. अलीकडे ‘सीएसआयआर’च्या अरोमा मिशनमधून जम्मूतील भद्रवाह परिसरात मक्याच्या जागी लव्हेंडरची शेती उभी राहिली आणि ‘जांभळी क्रांती’ म्हणून गाजली.

या अर्काचा उतारा फार कमी असतो, आणि बाजाराचे अर्धे कोडे तिथेच सुटते. एक किलो गुलाब तेलासाठी साधारण तीन ते चार टन फुले लागतात. म्हणजे १० मिलीच्या एका बाटलीमागे ३० ते ४० किलो फुले. ती बाटली ‘१०० टक्के शुद्ध’ म्हणून दोन-तीनशे रुपयांत मिळत असेल, तर आत गुलाब नाही हे समजायला प्रयोगशाळेची गरज नाही. लव्हेंडरमध्ये स्वस्त ‘लॅव्हँडिन’ किंवा कारखान्यात बनवलेले लिनालूल मिसळणे हा जगभरचा नेहमीचा उद्योग आहे. ‘आयएसओ ३५१५’ हे लव्हेंडर तेलाचे मानक त्यासाठीच आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीची चाचणी केली की मिसळ बरीचशी उघडी पडते. किरकोळ गिऱ्हाइकाला तो अहवाल कोणी दाखवत नाही, आणि गिऱ्हाईकही मागत नाही.

मग ही ‘हजारो वर्षांची प्राचीन’ पद्धत कुठली?

‘अरोमाथेरपी’ हा शब्द जेमतेम शतकभर जुना आहे. रने-मॉरिस गॅटफोसे हे फ्रेंच रसायनतज्ज्ञ सुगंधी द्रव्यांच्या घराण्यातले. १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात ते भाजले. जखमा चिघळू लागल्यावर त्यांनी लव्हेंडरच्या अर्काने त्या धुतल्या. पुढे लोककथा बनली ती अशी, की त्यांनी भाजलेला हात चुकून लव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि तो चमत्काराने बरा झाला. प्रत्यक्षात तो जाणूनबुजून केलेला प्रयोग होता. १९३७ मध्ये त्यांचे ‘अरोमाथेरपी’ हे पुस्तक आले. त्यांना रस होता जंतुनाशक गुणांत. मनाचा ताण हा त्यांचा मुख्य विषय नव्हता. पातळ केलेले अर्क मालिशीतून वापरण्याची पद्धत रुजवली ती ऑस्ट्रियात जन्मलेल्या मार्गरीट मॉरी यांनी, विसाव्या शतकाच्या मध्यात, आणि तीही मुख्यत्वे सौंदर्योपचार म्हणून.

आयुर्वेदातील अभ्यंग ही वेगळी गोष्ट आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितला आहे, डोके, कान आणि तळपाय यांना तेल लावण्यावर विशेष भर आहे. तिथे औषध आहे ते मुळात स्निग्ध तेलच, बहुधा तिळाचे. वनस्पतींचा कल्क आणि काढा घालून तेल ‘सिद्ध’ करतात, तेव्हा पाणी आटेपर्यंत ते उकळले जाते. त्या आचेवर उडून जाणाऱ्या सुगंधाचा बराचसा भाग उडून जातो. म्हणजे अरोमाथेरपीत जे मुख्य, ते अभ्यंगात बहुतेक वेळा गौण. तेव्हा लव्हेंडरच्या बाटलीवर ‘आयुर्वेदिक परंपरा’ असे छापलेले दिसले तर ती परंपरेची उसनवारी समजावी. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाला सुवासिक तेल आणि उटणे लागतेच, पण तिथे सुगंधाला कोणी औषध म्हटलेले नाही. सण आहे म्हणून सुवास आहे.

भारतातून युरोपात गेले ते अर्क नव्हे, तर मालिशीचे हात. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि ‘शाम्पूइंग’ सुरू केले. शाम्पू म्हणजे तेव्हा चंपी, डोक्याला लावायचा फेस नव्हे. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खुळखुळवत फिरणारे मालिशवाले त्यांचेच व्यवसायबंधू म्हणायचे.

मालिशीने शरीरात नेमके काय घडते?

इथे पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. माणसाच्या केसाळ त्वचेत ‘सी-टॅक्टाइल’ नावाचे मंदगतीचे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर इतक्या सावकाश, हलक्या आणि अंगाच्या उबेइतक्या कोमट स्पर्शाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. वस्तू ओळखणे हे त्यांचे काम नव्हे. ‘हा स्पर्श सुखाचा आहे’ ही जाणीव मेंदूपर्यंत नेणे हे त्यांचे काम. स्वीडनमधील संशोधकांनी या तंतूंवर दीर्घकाळ काम केले आहे. आई बाळाला थोपटते, आजी नातवाच्या पाठीवरून हात फिरवते, तेव्हा हात नेमक्या याच गतीने फिरतो. कोणी शिकवावे लागत नाही.

२००४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये मालिशीवरच्या ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. एकाच वेळच्या मालिशीनेही तात्पुरती चिंता, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी होतात, आणि अनेक वेळा केलेल्या मालिशीने चिंतेचा स्थायी स्वभाव आणि नैराश्य यांत घट दिसते, असे त्यात आढळले. ही घट किरकोळ नव्हती. मात्र त्याच आढाव्याने एक लाडका समज मोडला. ‘मालिशीने कॉर्टिसॉल हा ताणाचा संप्रेरक झपाट्याने उतरतो’ हे वाक्य स्पाच्या प्रत्येक पत्रकात असते. कॉर्टिसॉलवरचा परिणाम सिद्ध होण्याइतका आढळला नाही. २०११ मधील पुढच्या आढाव्यानेही तो फारच लहान असल्याचे सांगितले. माणसाला बरे वाटते हे खरे, पण त्याचे जे कारण छापले जाते ते खरे नाही. संप्रेरकाचे नाव घेतले की दावा शास्त्रीय वाटतो, एवढाच त्याचा उपयोग.

मालिशीत आणखी एक गोष्ट असते, जिचे मोजमाप कोणी करत नाही. तासभर फोन हाताशी नसतो. कोणी काही विचारत नाही, काही मागत नाही. लोकलमध्ये उभ्याने दीड तास काढणाऱ्या आणि घरी पोहोचताच स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईसाठी कदाचित तोच सर्वात मोठा उपचार असतो.

आणि सुगंध? तो काहीच करत नाही का?

करतो. पण बाटलीवर लिहिलेले असते तसे नाही. वासाची वाट इतर संवेदनांपेक्षा जवळची आहे. नाकातून निघालेला संदेश भावना आणि स्मृतींशी संबंधित मेंदूच्या भागांपर्यंत थेट पोहोचतो. २०१८ मध्ये जपानच्या कागोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी लव्हेंडरमधील लिनालूलची वाफ उंदरांना हुंगू दिली. उंदीर शांत झाले. ज्या उंदरांची वास घेण्याची क्षमता नष्ट केली होती, त्यांच्यावर परिणाम झाला नाही. झोप आणि चिंतेच्या नेहमीच्या गोळ्या मेंदूत जिथे काम करतात, ती जागा औषधाने अडवल्यावरही परिणाम थांबला. लिनालूलचा हा गुण नाकातून येतो, असा त्याचा अर्थ. मग त्वचेतून? तिथूनही थोडे रक्तात जाते. १९९२ मधील एका छोट्या प्रयोगात एका पुरुषाच्या पोटावर लव्हेंडर मिसळलेल्या तेलाची मालिश केली गेली. सुमारे वीस मिनिटांत रक्तात लिनालूल दिसले आणि दीडेक तासात जवळपास नाहीसे झाले. प्रमाण मात्र नॅनोग्रॅममध्ये. चोळल्याने तेल ‘मज्जातंतूंपर्यंत मुरते’ वगैरे वाक्ये या एवढ्याशा आधारावर उभी आहेत.

लव्हेंडरबाबत सर्वात चांगला पुरावा आहे तो पोटात घेण्याच्या ८० मिलिग्रॅमच्या विशिष्ट कॅप्सूलचा. जर्मनीत ती चिंताग्रस्त अस्वस्थतेसाठी औषध म्हणून मान्य आहे. ठरावीक मात्रा, ठरावीक प्रक्रिया, औषध म्हणून तपासणी असे सगळे तिच्यामागे आहे. तिचे निष्कर्ष उचलून मालिशीच्या बाटलीवर चिकटवणे म्हणजे वासावर औषधाचे लेबल लावणे. आणि बाजारातली बाटली ‘नाहीतरी कॅप्सूल निघते ना’ म्हणून चमच्याने पोटात घेणे, हे त्याहून वाईट.

दुसरीकडे, २००८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने ५६ निरोगी व्यक्तींवर लिंबू, लव्हेंडर आणि साधे पाणी यांचा वास घेऊन चाचणी केली. लिंबाच्या वासाने मन थोडे प्रसन्न झाले. लव्हेंडरने तेवढेही साधले नाही. ताणाचे संप्रेरक, वेदना, जखम भरण्याचा वेग यांवर दोन्हींचा फायदा दिसला नाही. कोणाला कोणत्या वासाबद्दल काय सांगितले होते, यानेही फारसा फरक पडला नाही.

वासाचा मानसिक परिणाम बराचसा शिकलेला असतो, असे या विषयातील अनेक अभ्यासकांचे मत आहे. ज्या वासाशी सुखाची आठवण जोडलेली, तो वास सुखावतो. युरोपातल्या माणसाला लव्हेंडर म्हणजे आजीच्या कपाटातल्या पुरचुंड्या. मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांना लव्हेंडर म्हणजे टाल्कम पावडर, नाहीतर हॉटेलच्या खोलीतला फवारा. इथल्या नाकाला शांत करायचे तर वाळ्याचे पडदे, मोगऱ्याचा गजरा, उगाळलेले चंदन, पहिल्या पावसाची माती अधिक कामाला येईल. वाळ्याचे तेल तर जगभरच्या अत्तरांत वापरले जाते आणि ते भारतातही निघते. तरीही शहरी स्पा लव्हेंडरच पुढे करतात, कारण चित्रात जांभळी शेते चांगली दिसतात.

रुग्णांवरच्या चाचण्यांत काय निघाले?

अरोमा मसाजची सर्वात गंभीर तपासणी झाली ती कर्करुग्णांत, कारण चिंता आणि झोप यांचा प्रश्न तिथे खराखुरा असतो. ब्रिटनमध्ये २८८ कर्करुग्णांवर झालेली बहुकेंद्री चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या आधारासोबत अरोमा मसाज मिळालेल्यांची चिंता आणि नैराश्य सहा आठवड्यांनंतर अधिक कमी झालेले दिसले. दहा आठवड्यांनंतर हा फरक टिकला नाही. फायदा आहे, पण तो थोड्या दिवसांचा. आणि या चाचणीत मालिश आणि सुगंध एकत्रच होते, त्यामुळे श्रेयाचा प्रश्न तिथेही सुटत नाही. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात १९ अभ्यास आणि १२७४ रुग्ण होते. साधी मालिश आणि सुगंधी मालिश या दोन्हींबाबत पुरावा कमी दर्जाचा असून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे त्याचे म्हणणे.

या अभ्यासांत एक जन्मजात अडचण आहे. खरी आणि खोटी गोळी सारखी दिसेल अशी बनवता येते. वास लपवता येत नाही. ज्याच्या अंगाला लव्हेंडर लागते त्याला ते कळते आणि मालिश करणाऱ्यालाही कळते. त्यामुळे ‘सुगंधामुळे एवढे टक्के ताण कमी’ असा आकडा कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला आधी विचारावे, बिनसुगंधी तेलाची मालिश घेणारा दुसरा गट होता का? बहुतेक वेळा तुलना असते ती काहीच न मिळालेल्या माणसांशी. अशा शर्यतीत खोबरेलही जिंकेल.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

इथे मात्र विनोद संपतो. कापूर आणि निलगिरी यांची तेले मुलांच्या पोटात गेली तर झटके येऊ शकतात. जेमतेम एक ग्रॅम कापूर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्वचेवर लावायच्या उत्पादनांत कापराचे प्रमाण ११ टक्क्यांवर रोखले ते याच कारणाने. आपल्याकडे कापूर देवघरात, कपाटात आणि बाळाच्या उशाशीही असतो. करोनाकाळात कापूर, लवंग, ओव्याच्या पुरचुंड्या हुंगण्याचे संदेश घराघरांत फिरले, तेव्हा त्याचे विष कोणाच्या ध्यानीही आले नाही. प्रौढही सुटलेले नाहीत. दक्षिण भारतातील रुग्णालयांत चार वर्षे चाललेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की ५५ प्रौढांच्या झटक्यांचा संबंध निलगिरी किंवा कापूर असलेले बाम, तेल वगैरे वापरण्याशी जोडता आला. यांतील काहींना आधी कधीच फीट आली नव्हती. घरात कोणाला अपस्माराचा त्रास असेल तर डॉक्टरांनी बामबद्दलही विचारायला हवे, आणि घरच्यांनी न विचारता सांगायला हवे.

तान्ह्या बाळाच्या मालिशीचा मुद्दा महाराष्ट्रात अधिक जवळचा आहे. बाळंतिणीला आणि बाळाला मालिश करायला येणाऱ्या मावशी साधे तेल वापरत आल्या. आता ‘बेबी अरोमा’च्या बाटल्या भेट म्हणून येतात. तान्ह्या बाळाची त्वचा पातळ असते. त्याच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा निलगिरी लावल्यास श्वास अडखळू शकतो. सर्दी झाली म्हणून छातीवर निलगिरी चोळणे हा बाळासाठी उपाय नाही, धोका आहे. बाळाच्या मालिशीला सुगंधाची मुळीच गरज नाही. आईच्या अंगाचा वास त्याला पुरतो.

मोठ्यांच्या त्वचेचे प्रश्न वेगळे. बर्गामॉट या लिंबूवर्गीय अर्कात बर्गाप्टेन असते. ते लावून उन्हात गेले तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि पुढे काळे डाग राहतात. म्हणून त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांसाठी त्याची मर्यादा ०.४ टक्के अशी कडक आहे. बर्गाप्टेन काढलेला प्रकारही मिळतो. लव्हेंडर आणि संत्र्याच्या तेलातली रसायने हवेशी संयोग होऊन ॲलर्जी निर्माण करू शकतात. वर्षानुवर्षे अर्धी उघडी राहिलेली बाटली म्हणूनच नव्या बाटलीपेक्षा अधिक त्रासदायक. दम्याच्या रुग्णाला तीव्र वास सोसत नाही. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. पायात रक्ताची गुठळी असेल तर तेल कोणतेही असो, मालिशच नको.

आणि शुद्धतेचा प्रश्न थेट जीवघेणाही ठरतो. २०२१ मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांतील चौघांना मेलिओइडोसिस हा दुर्मीळ जिवाणूसंसर्ग झाला, दोघे दगावले. शोध घेता घेता तेथील रोगनियंत्रण केंद्र पोहोचले ते लव्हेंडर-कॅमोमाइलच्या एका खोलीत फवारायच्या सुगंधी स्प्रेपर्यंत. तो भारतात तयार झाला होता. दोष लव्हेंडरचा नव्हता, बाटलीत शिरलेल्या जिवाणूचा होता. पण ‘नैसर्गिक’ या शब्दाने त्या बाटलीभोवती विश्वासाचे जे कवच उभे केले होते, त्यामुळे तिच्याकडे संशयाने पाहायला वेळ लागला असणार.

घरी करायचीच तर?

अर्क कधीही थेट अंगावर लावायचा नाही, हा एकच नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतील. तो साध्या तेलात मिसळायचा. प्रौढांसाठी एक ते दोन टक्के पुरे. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर ३० मिली तेलात एक टक्क्यासाठी सहा आणि दोन टक्क्यांसाठी बारा थेंब होतात. वास जास्त आला म्हणजे गुण जास्त, असे नाही. अर्क पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आंघोळीच्या बादलीत टाकलेले थेंब वर तरंगतात आणि थेट त्वचेला लागतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रण लावून एक दिवस वाट पाहावी. डोळे, नाक आणि जखमा सोडून द्याव्यात. बाटली गडद काचेची, घट्ट झाकणाची आणि मुलांच्या हाताला न लागणारी हवी.

तेल कोणते? घरात असेल ते. थंडीत तीळ, कोकणात खोबरेल. ते किंचित कोमट करावे, आणि हात सावकाश चालवावा.

दाव्यांवर लगाम कोणाचा?

मालिशीचे बहुतेक अर्क सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जातात. त्यांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. प्रसाधनाने त्वचा स्वच्छ किंवा सुंदर करण्याचा दावा करावा. रोग बरा करण्याचा दावा केला की ते औषधाच्या हद्दीत शिरते. विक्रेत्यांनी यावर शोधलेली पळवाट शब्दांची आहे. ‘चिंता बरी करते’ असे न लिहिता ‘मन शांत ठेवण्यास साहाय्यक’ असे लिहायचे. बाकीचे काम ग्राहकांचे अभिप्राय आणि इन्स्टाग्रामवरचे चेहरे करतात. कायद्याचा हात बाटलीवरच्या लेबलापर्यंत पोहोचतो, रीलपर्यंत क्वचितच.

हातांचे काय?

या सगळ्या चर्चेत पुराव्याने सर्वाधिक श्रेय दिले आहे ते हातांना, आणि दुर्लक्ष झाले आहे तेही हातांचेच. स्पाच्या जाहिरातीत तेल फ्रान्सचे असते, मालिश करणारी व्यक्ती निनावी. दिवसातून पाच-सहा जणांना मालिश करणाऱ्यांचे अंगठे, मनगटे आणि कंबर झिजते. मालिश आणि अरोमाथेरपी करणाऱ्यांच्या हातांना सुगंधी अर्कांमुळे ॲलर्जी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ग्राहकाला तासभर लागणारे तेल त्यांच्या हाताला दिवसभर लागत असते. स्पा थेरपिस्टसाठी कौशल्य विकासाचे अधिकृत अभ्यासक्रम आहेत, पण ग्राहक तेलाचा ब्रँड विचारतो, प्रमाणपत्र विचारत नाही. जपानमध्ये अंध व्यक्तींनी मालिशीचा व्यवसाय करण्याची शतकांची परंपरा आहे. आपल्याकडेही दृष्टिहीनांना हे प्रशिक्षण दिले जाते. त्यांच्या केंद्रात गेलेल्या माणसाला सुगंधाचा भपका कदाचित मिळणार नाही, पण कुठला स्नायू कुठे आखडला आहे हे हाताला कळल्याचा अनुभव मिळेल. बाळंतिणीच्या मालिशवाल्या मावशींचा दर तर घासाघीस करूनच ठरतो, आणि तीच घरे ऑनलाइन बाटलीचा छापील दर निमूट भरतात.

मालिश पुरेशी नाही हे कधी ओळखायचे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, चिंता आणि नैराश्यासारख्या सर्वसामान्य मनोविकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचे दिसले होते. एवढ्या मोठ्या पोकळीत बाटल्या शिरणारच. थकव्याने आखडलेली मान आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड यांसाठी मालिश उत्तम. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली, भूक गेलेली, कशातच मन लागत नाही, कामावर जाणे अशक्य झाले आहे, जगणे नकोसे वाटते, अशी लक्षणे असतील तर तो ताण तेलाने उतरणारा नाही. अशा वेळी मालिश थांबवण्याचे कारण नाही. ती सोबत चालू राहू शकते, डॉक्टरांच्या ऐवजी नाही. चिंतेची गोळी चालू असेल तर ती लव्हेंडरच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नये. अचानक सोडल्याने काही गोळ्यांचा त्रास मूळ आजारापेक्षा मोठा होतो. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल किंवा जायला संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. तिथे मराठीतूनही बोलता येते, चोवीस तास.